सतरावा स्कीयर : टनेल क्रीकचे हिमस्खलन आणि ऑफ-पिस्ट स्कीइंगची सुरुवात

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, कॅस्केड पर्वतरांगेतील स्टीव्हन्स पास या स्की क्षेत्राला लागून असलेल्या टनेल क्रीक नावाच्या उतारावर १९ फेब्रुवारी २०१२ रोजी, रविवारी दुपारच्या सुमारास, सोळा जणांचा एक गट उतरायला निघाला. वाटेत हिमस्खलन झाले. चार जण त्याच्या मुख्य प्रवाहात सापडले आणि त्यांपैकी तिघांचा मृत्यू झाला. चौथी स्त्री पाठीवरच्या पिशवीतील हवेचा फुगा वेळेत उघडल्यामुळे वाचली, तर आणखी एक जण झाडांना घट्ट धरून राहिल्यामुळे वाहून गेला नाही. या घटनेवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि इतके कसलेले लोक फसले कसे, हाच बहुतेक लिखाणाचा प्रश्न राहिला आहे.

प्रस्तुत टिपणाचा प्रश्न वेगळा आहे. आखीव मार्गांवर दोन-तीन हंगाम सराव झालेली आणि आता प्रथमच सीमारेषेपलीकडे जाऊ पाहणारी एखादी व्यक्ती त्या दिवशी सतरावी म्हणून या गटात उभी असती, तर तिला काय दिसले असते, काय दिसूनही उमगले नसते आणि कोणकोणत्या टप्प्यावर तिला मागे फिरता आले असते, हे येथे पाहायचे आहे. हा सतरावा स्कीयर अर्थातच काल्पनिक आहे; बाकी घटना जशी घडली तशीच घेतली आहे. ऑफ-पिस्ट स्कीइंग, म्हणजे आखीव आणि सांभाळलेल्या मार्गांबाहेरचे स्कीइंग, सुरू करणारा माणूस बहुधा असाच सुरू करतो, म्हणजे आपल्याहून सरस स्कीइंग करणाऱ्या ओळखीच्या मंडळींच्या मागे जाऊन. त्यामुळे टनेल क्रीकचे प्रकरण तज्ज्ञांपेक्षा नवशिक्यांनीच अधिक बारकाईने अभ्यासावे, असे माझे मत आहे.

सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे

स्की क्षेत्राच्या हद्दीत उतार सुरक्षित वाटतात, कारण कोणीतरी ते सुरक्षित केलेले असतात. मोठ्या हिमवृष्टीनंतर स्की पेट्रोलचे कर्मचारी उजाडताच वर जातात, स्फोटके लावून धोकादायक थर मुद्दाम खाली पाडतात, संशयास्पद उतार दोर लावून बंद ठेवतात आणि उरलेलेच लोकांसाठी खुले करतात. पाहुण्याला यातले काहीच दिसत नाही. त्याला फक्त सुरू झालेली लिफ्ट दिसते. सीमेवरच्या फलकापलीकडे पाऊल पडताच ही सारी व्यवस्था संपते. बर्फ तोच, उतारही तसाच, कित्येकदा अंतरही दहा मिनिटांच्या चालीचेच असते. टनेल क्रीकला जायलाही लिफ्टने वर पोचून थोडेसेच चढावे लागते. काऊबॉय माउंटनच्या धारेवरून एका बाजूला स्की क्षेत्र दिसते आणि दुसऱ्या बाजूला सुमारे ९०० मीटर खाली महामार्गापर्यंत जाणारा मोकळा डोंगर.

ही जवळीकच फसवी ठरते. दिवसभर पायी चढून दूरच्या शिखरावर गेलेल्या माणसाला आपण रानात आहोत याचा विसर पडत नाही. लिफ्टमधून उतरून दहा मिनिटांत धारेवर पोचलेल्याला मात्र, त्याच्या अंगात अजून स्की क्षेत्राचीच लय असल्यामुळे, तो भेद जाणवत नाही. या डोंगरांचा इतिहास वास्तविक सौम्य नाही. याच खिंडीच्या पश्चिमेस काही किलोमीटरवर वेलिंग्टन येथे १ मार्च १९१० रोजी हिमस्खलनाने रेल्वेगाड्या दरीत ढकलल्या आणि ९६ माणसे मेली. अमेरिकेच्या इतिहासात एवढी मनुष्यहानी दुसऱ्या कोणत्याही हिमस्खलनाने केलेली नाही.

त्या दिवशीचा बर्फ आधी घडलेला होता

फेब्रुवारीच्या सुरुवातीला तेथे काही रात्री निरभ्र आणि थंड गेल्या. अशा रात्री बर्फाच्या पृष्ठभागावर हवेतील बाष्प थेट गोठते आणि पिसासारखे नाजूक, उभे स्फटिक तयार होतात. सकाळच्या उन्हात ते चमकतात, त्यांच्यावरून स्की सरकताना बारीक किणकिण ऐकू येते आणि पाहणाऱ्याला ते फार सुंदर वाटतात. उघडे असेपर्यंत ते निरुपद्रवी असतात. त्यांच्यावर नवा बर्फ पडला, की तोच थर पुढचे कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे, डोंगराच्या पोटात कच्चा राहतो. वर बसलेला बर्फ स्वतःच्या वजनाने आणि वाऱ्याच्या दाबाने एकसंध होत जातो, तर खालचे स्फटिक तसेच उभे राहतात. पत्त्यांची पाने उभी करून त्यांवर फळी ठेवावी, तशी ती रचना असते. एका ठिकाणी पाने कोसळली, की कोसळणे आडवे पसरत जाते आणि फळी सुटते. फरक इतकाच, की येथे फळी तिरपी असते आणि तिच्यावर माणूस उभा असतो.

१९ तारखेच्या आधीच्या वादळाने स्टीव्हन्स पासवर दोन फुटांहून अधिक नवा बर्फ टाकला. ज्या ताज्या, भुरभुरत्या बर्फासाठी स्कीयर हंगामभर वाट पाहतात, नेमका तोच त्या दिवशी कच्च्या थरावर नवे ओझे होता. सतराव्या स्कीयरला हे डोळ्यांनी दिसणे शक्य नव्हते. पृष्ठभाग सर्वत्र सारखाच पांढरा, मऊ आणि मोहक होता. ऑफ-पिस्टची पहिली अडचण हीच आहे, की धोका बहुधा अर्धा-एक मीटर खाली असतो आणि त्याचे कारण पंधरा दिवसांपूर्वीच्या हवामानात असते. म्हणून सुरुवात करणाऱ्याने हंगामाच्या पहिल्या दिवसापासून हवामान आणि हिमस्खलन अंदाज वाचत राहावे लागते. ज्या सकाळी जायचे, त्या सकाळी उघडलेला अंदाज हा मधूनच वाचायला घेतलेला परिच्छेद ठरतो.

अंदाज काय म्हणत होता

हिमस्खलनाच्या धोक्याच्या पाच पातळ्या असतात : कमी, मध्यम, लक्षणीय, जास्त आणि अत्यंत जास्त. युरोपात ही समान श्रेणी १९९३ पासून वापरात आहे आणि उत्तर अमेरिकेतही पाच पायऱ्यांचीच श्रेणी चालते. त्या रविवारी त्या विभागाच्या हिमस्खलन केंद्राने सुमारे १५०० मीटर उंचीच्या वरच्या, ठराविक दिशांना तोंड असलेल्या उतारांसाठी ‘जास्त’ आणि इतरांसाठी ‘लक्षणीय’ धोका जाहीर केला होता. टनेल क्रीकचा उतार त्या ठराविक दिशांमध्ये येत नव्हता.

आता नवशिक्या हे कसे वाचतो ते पाहू. पाचांपैकी तिसरी पातळी म्हणजे मधली, आणि मधली म्हणजे बेताची, असा हिशेब त्याच्या मनात आपोआप होतो. तो चुकीचा आहे. या श्रेणीत एका पायरीवरून दुसरीवर जाताना धोका सरळ रेषेत वाढत नाही; तो उडी मारतो. ‘लक्षणीय’ या पातळीची अधिकृत व्याख्याच अशी आहे, की आपोआप होणारी स्खलने संभवतात आणि माणसाच्या वजनाने सुटणारी स्खलने होण्याची बरीच शक्यता असते. स्वित्झर्लंडच्या नोंदींनुसार हिमस्खलनातील जवळपास निम्मे मृत्यू तिसऱ्या पातळीच्या दिवसांतच होतात. चौथ्या आणि पाचव्या पातळीला धोका इतका उघड असतो, की लोक घरीच राहतात. तिसऱ्या पातळीला ऊन पडलेले असते, बर्फ उत्तम असतो आणि लिफ्ट चालू असते.

अंदाजातील दिशेच्या तपशिलाचा वापर कसा करायचा, हाही प्रश्न आहे. अनुभवी माणूस ‘हा उतार त्या दिशांत येत नाही, म्हणजे येथे एक पातळी कमी’ असे वाचतो आणि त्याला तसे वाचण्याचा काही अधिकार असतो. नवशिक्याने मात्र त्या दिवसाची सर्वांत वरची पातळी हीच आपली मानावी. वारा धारेवरून वळतो, उतार पन्नास पावलांत दिशा बदलतो आणि ही बारीक विभागणी प्रत्यक्ष जमिनीवर ओळखण्याची नजर पहिल्या हंगामात कोणालाच नसते.

गट

सोळा जणांत व्यावसायिक स्कीयर होते, स्कीइंगविषयी लिहिणारे पत्रकार होते, छायाचित्रकार होते आणि हा डोंगर वर्षानुवर्षे उतरलेले स्थानिकही होते. बेत आदल्या संध्याकाळी तोंडातोंडी पसरला आणि संख्या वाढत गेली. धारेवर पोचल्यावर एवढी गर्दी पाहून आपल्याला अस्वस्थ वाटले होते, असे त्यांच्यातील काहींनी नंतर सांगितले. त्या वेळी ते कोणी मोठ्याने बोलले नाही.

या प्रकरणातील माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा धागा हाच असल्यामुळे येथे थोडे थांबले पाहिजे. इयन मॅकॅमन या अमेरिकन संशोधकाने १९७२ ते २००३ या काळातील ७१५ हिमस्खलन अपघात तपासून, माणसे धोक्याची चिन्हे समोर असूनही पुढे का जातात याचा अभ्यास केला. त्याला आढळलेली कारणे बर्फाची नव्हती, मनाची होती. ओळखीच्या उतारावर माणूस ढिला पडतो. एकदा ठरवलेला बेत मोडवत नाही. इतरांच्या नजरेत चांगले दिसावे, असे वाटते. गटात कोणीतरी जाणकार आहे, तेव्हा त्याने विचार केलाच असेल, असे प्रत्येक जण गृहीत धरतो. बाकीचे आधी उतरतील आणि कोरा बर्फ संपेल, ही घाई असते. पाहणाऱ्यांच्या उपस्थितीत धाडस वाढते. टनेल क्रीकच्या धारेवर यांतील जवळजवळ प्रत्येक गोष्ट एकाच वेळी हजर होती.

सतराव्या माणसावर यांतील जाणकाराचा दबाव सर्वांत जड पडतो. आपल्या पुढे उभ्या असलेल्या पंधरा-सोळा जणांना आपल्यापेक्षा अधिक कळते, हे खरेच असते; त्यामुळे आपली शंका बोलून दाखवणे त्याला उद्धटपणाचे वाटते. पण त्याच्या लक्षात एक गोष्ट येत नाही. त्या पंधरा-सोळांपैकी प्रत्येक जणही आपल्या शेजारच्याकडे पाहून हाच हिशेब करत असतो. पुष्कळ जाणकार एकत्र आले, की निर्णयाची जबाबदारी वाटली जाते आणि वाटता वाटता कोणाच्याच वाट्याला उरत नाही. चौघांच्या गटात ‘आपण हा उतार का निवडला?’ असा प्रश्न साधा संवाद असतो. सोळा जणांत तोच प्रश्न भाषण होतो, आणि भाषण करायला कोणी धजत नाही.

स्वित्झर्लंड आणि इटलीतील आकडेवारीवर आधारलेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही चार किंवा त्याहून अधिक जणांच्या गटांना हिमस्खलनाचा धोका दोघांच्या गटापेक्षा अधिक असल्याचे आढळले. त्यावरून एकट्याने जावे असा अर्थ कोणी काढू नये; एकट्याला उकरून काढणारे कोणी नसते. सुरुवात करणाऱ्यासाठी तीन ते चार जणांचा गट योग्य ठरतो : एकाला काढायला दोन-तीन जोडी हात उरतात आणि प्रत्येकाचे म्हणणे सर्वांना ऐकू जाते. त्यातही ‘एक नकार म्हणजे सर्वांचा नकार’ हा नियम डोंगरावर नव्हे, तर आदल्या दिवशी खोलीत बसून, बेत आखतानाच ठरवावा. धारेवर उभे राहून नवा नियम मांडणे फार अवघड असते.

सतराव्याला मागे फिरायची सर्वांत सोपी जागा हीच धार होती. तेथून लिफ्टकडे परतायला काही मिनिटे पुरली असती. पहिले वळण घेतल्यानंतर मात्र खोल भुरभुरत्या बर्फातून पुन्हा वर चढणे जवळपास अशक्य असते. टनेल क्रीकमध्ये एकदा शिरले, की वाट फक्त खाली जाते.

उतार आणि घळ

एकसंध थर सुटून होणारी स्खलने बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. त्याहून सौम्य उतारावर थर सरकायला जोर कमी पडतो आणि फार तीव्र कड्यावर बर्फ साठतच नाही. दुर्दैव असे, की स्कीइंगला सर्वाधिक मजाही याच टप्प्यात येते. तरीही नवशिक्याच्या हातात एवढा खात्रीचा दुसरा नियम नाही : स्वतःच्या पायाखालचा आणि डोक्यावरचा उतार ३० अंशांच्या आत ठेवला, तर थरांविषयी जवळजवळ काहीही न कळता धोक्याचा मोठा भाग टाळता येतो. ‘डोक्यावरचा’ हा शब्द विसरता कामा नये. कच्चा थर अतिशय संवेदनशील असेल, तर सपाटीवरून चालणाऱ्याच्या वजनानेही कोसळणे पसरत जाऊन वरचा तीव्र उतार सुटू शकतो.

डोळ्याने उतार मोजता येत नाही. बहुतेकांचा अंदाज पाच-दहा अंशांनी चुकतो. घरी नकाशावर मोजणे सर्वांत चांगले. १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषा २० मीटर अंतराच्या असतील, तर दोन रेषांमधील जागा सुमारे १.४ मिलिमीटर झाली की उतार ३० अंशांचा समजावा, आणि रेषा त्याहून दाट दिसल्या की तो अधिक तीव्र. प्रत्यक्ष जागेवर दोन सारख्या लांबीच्या स्की-काठ्या पुरतात. एक काठी उताराच्या दिशेने बर्फात दाबून तिच्या लांबीचा ठसा घ्यायचा. मग तिचे टोक ठशाच्या वरच्या बिंदूवर टेकवून मूठ उचलायची, त्याच मुठीजवळून दुसरी काठी मोकळी लोंबती सोडायची आणि तिचे टोक बर्फाला लागेपर्यंत पहिली काठी कलती करत जायची. लोंबत्या काठीचे टोक ठशाच्या खालच्या बिंदूवर नेमके टेकले, तर उतार ३० अंशांचा आहे. ते त्याच्या खाली टेकले, तर उतार त्याहून तीव्र आहे. ही मोजणी करायला उतारावर मधोमध जायचे नसते; कडेच्या सुरक्षित, तशाच उतरणीवर ती करावी.

टनेल क्रीकचा वरचा भाग मोकळा आणि स्खलनास पुरेसा तीव्र आहे. पण तेथे जीवघेणी ठरली ती खालची रचना. वरचे पसरट मैदान खाली आवळत जाते आणि सारा बर्फ एका अरुंद घळीत उतरतो. उघड्या, पसरत जाणाऱ्या उतारावर स्खलन झाले, तर बर्फ पातळ पसरून थांबण्याची शक्यता असते. घळीत तोच बर्फ कोंडतो, वेग घेतो, झाडांवर आणि खडकांवर आदळत जातो आणि तळाशी खोल साचतो. पश्चिम कॅनडातील हिमस्खलन मृत्यूंच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे चौथा हिस्सा मृत्यू गुदमरून नव्हे, तर आघाताने झालेले आढळले. अशा मृत्यूंवर फावड्याचा उपाय नसतो.

म्हणून उतार निवडताना ‘हा सुटेल का?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘सुटला तर मी कुठे जाऊन थांबेन?’ हा प्रश्न विचारावा लागतो. पहिल्याचे उत्तर नवशिक्याला देता येत नाही. दुसऱ्याचे देता येते, कारण खाली घळ आहे, कडा आहे, झाडी आहे की सपाट मोकळे मैदान आहे, हे नकाशावर दिसते आणि धारेवरूनही बरेचदा दिसते. सतराव्याने एवढाच एक प्रश्न विचारला असता, तरी त्याला त्या दिवशीचे उत्तर मिळाले असते.

स्खलन

धारेवर गटाने जोड्या लावल्या आणि माणसे एकामागून एक, अंतर ठेवून उतरू लागली. काही जण डावीकडच्या वेगळ्या वाटेने गेले. मुख्य उतारावरून आधी उतरलेले खाली झाडांच्या आडोशाला थांबले होते. त्यांच्या मागचा स्कीयर उतरत असताना वर भेग पडली. सुटलेला थर सुमारे २०० फूट रुंद आणि जेमतेम तीन फूट जाडीचा होता. हिमस्खलनाच्या मानाने तो अवाढव्य नव्हता. झाडांचा आडोसा त्याला पुरला नाही. प्रवाह घळीतून अडीच हजार फुटांहून अधिक खाली गेला.

एकेकट्याने उतरण्याचा नियम गटाने पाळला होता, ही गोष्ट नमूद केली पाहिजे. हा नियम एका वेळी एकालाच धोक्यात घालण्यासाठी असतो आणि त्यात थांबण्याची जागा स्खलनाच्या वाटेबाहेर असणे गृहीत धरलेले असते. थांबलेले लोक त्याच वाटेवर असतील, तर एकेकटे उतरूनही सारेच धोक्यात राहतात. सुरक्षित जागा बहुधा बाजूच्या सोंडेवर किंवा उंचवट्यावर असते, खाली सरळ रेषेत नसते. दाट झाडी थोडाफार आधार देते, पण ज्या झाडांमधून आरामात स्कीइंग करता येते, त्यांच्यामधून हिमस्खलनही आरामात येते.

या टप्प्यावर सतराव्याच्या हातात काहीच उरलेले नव्हते. वर राहिलेल्यांपैकी अनेकांना स्खलन झाल्याचे लगेच कळलेही नाही, कारण आवाज आणि दृश्य दोन्ही उताराच्या फुगवट्यापलीकडे गेले होते.

साधने काय करतात आणि काय करत नाहीत

वरच्या लोकांनी ट्रान्सीव्हर, म्हणजे प्रत्येकाने अंगावर बाळगायचे रेडिओ उपकरण, शोधाच्या स्थितीत आणून स्खलनाच्या वाटेने खाली शोध घेतला. हे उपकरण ४५७ किलोहर्ट्झवर संदेश पाठवते आणि तोच पकडते. सोबत बर्फात खुपसून पाहण्याची लांब घडीची काठी, म्हणजे प्रोब, आणि धातूचे फावडे लागते. तिन्हींपैकी एक नसेल, तर उरलेली दोन जवळपास निरुपयोगी होतात. ट्रान्सीव्हर जागेजवळ नेतो, प्रोब नेमका बिंदू सांगते आणि फावडे माणूस बाहेर काढते. प्लास्टिकचे फावडे स्खलनाच्या राशीत मोडते. थांबलेला बर्फ ताज्या बर्फासारखा मऊ राहत नाही, काही क्षणांत तो सिमेंटसारखा घट्ट बसतो.

वेळेचा हिशेब निर्दय आहे. स्वित्झर्लंडमधील १९८१ ते २०२० या काळातील घटनांचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेले विश्लेषण सांगते, की पूर्ण गाडल्या गेलेल्यांपैकी पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेले सुमारे ९० टक्के लोक वाचतात. दहा ते तीस मिनिटांच्या दरम्यान हे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांपर्यंत कोसळते. कोणतेही बचाव पथक दहा मिनिटांत पोचत नाही. जे सोबत आहेत, तेच वाचवू शकतात. टनेल क्रीकमध्ये शोधणाऱ्यांना शेकडो मीटर खाली, तुटलेल्या झाडांमधून उतरत शोधायचे होते. त्यांनी कसोशीने शोध घेतला आणि तरीही तिघांसाठी उशीर झाला.

वाचलेल्या स्त्रीच्या फुग्याविषयी लोक सर्वाधिक बोलतात. हे साधन खरोखर उपयोगी आहे : वाहत्या बर्फात मोठ्या आकाराची वस्तू वर येत राहते, या तत्त्वावर ते चालते आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गंभीररीत्या सापडलेल्यांमधील मृत्यूचे प्रमाण फुगा उघडल्यास २२ वरून ११ टक्क्यांवर आल्याचे दिसले. म्हणजे निम्मे मृत्यू टळतात. उरलेले निम्मे टळत नाहीत, आणि झाडीत किंवा घळीत हा लाभ आणखी कमी होतो. महागडी पिशवी पाठीवर आहे म्हणून एक पायरी अधिक तीव्र उतार निवडणारे लोक मी पाहिले आहेत. त्या खरेदीने त्यांचा धोका कमी केला नाही, फक्त वेगळ्या जागी नेऊन ठेवला.

मग सुरुवात कुठून

सतराव्या स्कीयरसाठी टनेल क्रीक हा पहिला उतार असू शकत नव्हता, हे आता सांगायला नको. पहिला उतार तो, जो स्की क्षेत्राच्या हद्दीतच असतो, पण यंत्राने दाबून सपाट केलेला नसतो. बहुतेक क्षेत्रांत असे मार्ग आखलेले असतात आणि तेथे हिमस्खलनाची काळजी पेट्रोलनेच घेतलेली असते. भुरभुरत्या, वाऱ्याने कडक झालेल्या, वर पापुद्रा आणि खाली मऊ अशा, आणि दुपारच्या ओल्या जड बर्फात, पाठीवर पिशवी घेऊन, हवे तेथे थांबता आणि वळता येणे ही तेथली तालीम. पडून उठण्यात पाच मिनिटे जाणारा स्कीयर धोकादायक उतारावर पाच मिनिटे जास्त राहतो. तंत्राचा सुरक्षिततेशी असलेला संबंध एवढाच आहे, पण तो खरा आहे. स्की थोड्या रुंद घेतल्या, तर हे शिकणे सोपे जाते. खोल बर्फाच्या प्रदेशात झाडांच्या बुंध्याभोवती पोकळ खड्डे तयार होतात आणि त्यांत डोके खाली करून पडलेला माणूस हिमस्खलन न होताही गुदमरतो, म्हणून झाडीत जोडीदार सतत नजरेसमोर हवा. ही काळजी हद्दीच्या आतही घ्यावी लागते.

त्यानंतर हिमस्खलनाचे प्राथमिक प्रशिक्षण. अमेरिकेत त्याचा पहिला टप्पा साधारण तीन दिवसांचा असतो, इतरत्रही कालावधी थोड्याफार फरकाने तेवढाच असतो. त्या तीन दिवसांत थरांचे शास्त्र येत नाही. अंदाज वाचणे, नकाशावर उतार ओळखणे, धोक्याची ठळक चिन्हे पाहणे आणि साधने चालवणे एवढे येते, आणि सुरुवातीला तेवढेच लागते. ठळक चिन्हे म्हणजे जवळपास नुकतीच झालेली स्खलने, पायाखालून धावत जाणाऱ्या भेगा, थर बसल्याचा ‘धुप्प’ असा दबका आवाज, जोरदार वारा किंवा एका दिवसात पडलेला भरपूर बर्फ, आणि अचानक वाढलेले तापमान. यांतले एकही दिसले, की ३० अंशांवरचे सारे उतार त्या दिवसापुरते सोडून द्यावेत. आधीच्या स्कीयरच्या खुणा मात्र चिन्हांत मोजू नयेत. एखादा उतार दहाव्या माणसाखाली सुटतो, आणि पहिल्या नऊ जणांच्या खुणांत त्याची सूचना नसते.

हद्दीबाहेरची पहिली सफर प्रमाणित मार्गदर्शकाबरोबर करावी, धोका ‘कमी’ किंवा ‘मध्यम’ असलेल्या दिवशी. येथेही सतराव्याची सवय, म्हणजे गप्प राहून मागे जाणे, मोडायला हवी. हा उतार आज का, तो किती अंशांचा आहे, सुटला तर बर्फ कुठे जाईल आणि परतीची दुसरी वाट कोणती, हे मार्गदर्शकाला विचारावे. चांगला मार्गदर्शक हे प्रश्न येण्याची वाटच पाहत असतो. जो वैतागतो, त्याच्याबरोबर दुसऱ्यांदा जाऊ नये.

शोधाचा सराव हंगामात एकदा करून भागत नाही. पिशवीत चालू ट्रान्सीव्हर ठेवून ती एकाने अर्धा-एक मीटर खोल पुरावी, जागा इतरांना सांगू नये आणि घड्याळ लावावे. पहिल्या प्रयत्नात बहुतेक गट दहा मिनिटांत खणण्यापर्यंतही पोचत नाहीत. मोजे घातलेल्या हातांनी प्रोब जोडता येत नाही, फावड्याचा दांडा पिशवीच्या तळाशी असतो आणि तिघेही एकाच जागी वाकून एकमेकांना अडवतात. प्रोब लागली त्या बिंदूच्या थेट वर न खणता, थोडे उताराच्या खालच्या बाजूने आडवे खणायचे असते, हेही तेव्हाच हाताला कळते. हा सराव ज्यांच्याबरोबर उतरायचे, त्यांच्याचबरोबर झाला पाहिजे. टनेल क्रीकला निघालेल्यांपैकी काहींची एकमेकांशी ओळख त्याच दिवसाची होती.